चौकटीवरचं पितळ

ही गोष्ट जिच्या बाबतीत घडली, तिच्याच तोंडून मी ऐकली आहे. एकदा नाही, अनेकदा. दर वेळी ती तशीच सांगायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणून खरी की खोटी हा वाद माझ्याशी घालू नका. ती वस्तू आजही माझ्या कपाटात आहे.

साल अठराशे सत्त्याण्णव. गिरगावात ठाकुरद्वाराजवळची आमची वाडी.

फाल्गुन नुकताच लागला होता. वेळ दिवेलागणीची.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ अच्युत, आणि त्यांची बायको दमयंती. आम्ही मुलं तिला मोठीआई म्हणायचो. पण या गोष्टीत ती विशीसुद्धा न ओलांडलेली मुलगी आहे आणि तोही कोवळा तरुणच. तेव्हा मी त्यांना दमयंती आणि अच्युत असंच म्हणते.

त्या वर्षी मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला होता. ज्या घरात माणूस दगावे, त्या घरावर सरकारी माणसं तांबडा गोल काढून जात. आधी मांडवीकडे, मग इकडे, मग सगळीकडे. ज्याला गाव होतं तो गावी पळाला. आमच्या वाडीतही एकेक बिऱ्हाड उठलं. दाराला कुलूप, कडीला चिंधी, तुळस वाळलेली. सासूबाई धाकट्या मनमोहनला, म्हणजे माझ्या आजोबांना, घेऊन वसईला भावाकडे गेल्या.

अच्युत गोदीजवळच्या एका कचेरीत कारकून होता. त्याला रजा नव्हती. आणि दमयंती त्याला सोडून जायला तयार नव्हती.

"तू जा गं आईबरोबर," तो म्हणाला होता.

"आणि तुमचं जेवण?"

"शिजवीन काहीतरी."

"मग तापाची गरजच नाही," ती म्हणाली.

निघताना सासूबाईंनी तिला बाजूला घेतलं. "रिकाम्या वाडीत राहणार आहेस. हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसरी हाक येईपर्यंत थांबायचं. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाक मारतं. जे नसतं... ते दोनदाच बोलावतं."

दमयंतीने मान हलवली. हे तिच्या माहेरीही होतंच.

ती वस्तू घरात आली, ती सासूबाई जायच्या आदल्या रविवारी.

अच्युतला जुन्या बाजारात भटकायचा नाद. मोडकी घड्याळं, बिनझाकणाच्या दौती, असलं काहीतरी तो उचलून आणायचा. त्या दिवशी त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि बायकोपुढे ठेवलं.

"ओळख बघू, काय आहे."

पितळेचा तुकडा होता. तळहातात मावेल एवढा. दोन छोटे हात एका कोपऱ्यात जोडलेले, एक आडवा, एक उभा. दोन्ही हातांच्या टोकाला बारीक भोक. कोपऱ्यात एक जाड स्क्रू, आणि त्या स्क्रूभोवती ते सगळं डुलायचं. एक हात खाली ओढला की दुसरा बाजूला सरके. सोडलं की परत जागेवर.

टक्.

"समईचा कान असेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि आणायचंच होतं तर चणे आणायचे, खाता तरी आले असते."

"दाराची खिटी?" दमयंती म्हणाली.

"एवढीशी? उंदराच्या दाराची?" अच्युत हसला.

दुसऱ्या दिवशी शेवंता कोळीण आली. वाडी ओस पडली तरी ती यायची. टोपली उतरवून तिने तो तुकडा उलटासुलटा केला. "गळ हाय गो बाय. मोठे माशाचा."

"याला टोक कुठे आहे?"

"मग माशाला गुदगुल्या करायला असंल." आणि ती अशी काही हसली, की तेवढ्यापुरती वाडी भरल्यासारखी वाटली.

कुणालाच कळलं नाही. विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातलं सामान निघालंय, त्यातलं आहे, एवढंच तो म्हणाला होता.

शेवटी अच्युतने ते स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याच्याच स्क्रूने बसवून टाकलं. शोभेला. रोज जेवायला बसला की वर बघायचा आणि नवा तर्क लढवायचा. दमयंती वाढता वाढता तो खोडून काढायची. त्या ओसाड वाडीत दोघांना तेवढाच खेळ.

दिवसा मात्र ती एकटी.

सकाळी तो गेला की संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही. विहिरीवर रहाट वाजत नाही. समोरच्या माडीवर पाळणा कुरकुरत नाही. कावळेसुद्धा कमी झाले होते, असं ती सांगायची. घरोघरचं खरकटंच संपलं होतं ना.

संध्याकाळी एकच आवाज. दाराची कडी.

दोनदा.

हा अच्युत. बायकोला नावाने हाक मारायची तेव्हा आमच्यात पद्धत नव्हती. चारचौघांत नाहीच, एकांतातही जीभ वळत नसे. बाहेरून आला की तो कडी दोनदा वाजवायचा. घरात काही हवं असलं, तर पाटावर बोटाने दोनदा. ती कुठेही असली तरी "आले" म्हणून यायची. आयुष्यात त्याने तिला कधी दमयंती म्हटलं नाही.

फाल्गुनातल्या त्या संध्याकाळी तिने देवापाशी दिवा लावला. भात चुलीच्या वैलावर ठेवला. कोलंबीचं कालवण झालेलं होतं.

टक्... टक्.

"आले," म्हणत ती दाराकडे धावली. दार उघडलं.

दारात कुणी नव्हतं.

अंगण रिकामं. वाडीचा दिंडी दरवाजा बंद. कडी जागच्या जागी, हलतसुद्धा नव्हती.

ती मागे वळली. आणि तिचं लक्ष स्वयंपाकघराच्या चौकटीकडे गेलं.

तो पितळेचा हात थरथरत होता.

उंदीर असेल, तिने मनाशी म्हटलं. वारा असेल. पण दिव्याची ज्योत सरळ उभी होती.

ती बघतच होती, तेवढ्यात... तिच्या डोळ्यांसमोर तो हात सावकाश खाली आला. कुणीतरी पलीकडून तार ओढावी तसा. तार तर नव्हतीच. भोकं रिकामी होती.

टक्.

पुन्हा खाली.

टक्.

मग थांबला.

तिच्या ओठांवर "ओ" आला होता. पण सासूबाईंचे शब्द आठवले. तिने पदर तोंडात कोंबला आणि तिसऱ्याची वाट बघत उभी राहिली.

तिसरा आला नाही.

अच्युतही आला नाही.

ती रात्र तिने उंबऱ्यात बसून काढली. उजाडल्यावर वाडीबाहेर जाऊन विचारावं, तर विचारायचं कुणाला? कोपऱ्यावरचा वाणी गेलेला. रस्त्यावरून फक्त गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या जात होत्या, घरं धुंडाळत. त्यांच्यासमोर बाईमाणसाने जायचं कसं? आणि मी घर सोडून गेले नि ते आले तर? ती परत आत आली.

दुपारी... टक्. टक्.

पहिल्यापेक्षा हळू.

ती भिंतीला पाठ लावून बसली. हात जोडले. "कोण आहेस? काय हवंय?" हे तिने मनातल्या मनात विचारलं. मोठ्याने नाही. मोठ्याने बोलणं म्हणजे ओ देणंच की.

त्या दिवशी ते पुन्हापुन्हा झालं. दर वेळी दोनदा. दर वेळी मधे थोडा थांबा... आपण उत्तराची वाट बघतो तसा. दर वेळी तिने तिसऱ्यासाठी श्वास रोखला.

दिवेलागणीला तो हात नुसताच हलला. खाली येऊ पाहत होता, येत नव्हता. एकदा. मग कितीतरी वेळाने आणखी एकदा. आवाजही झाला नाही.

मग सगळं निपचित झालं.

"हलत होतं तेव्हा वाटलं नव्हतं इतकं भय ते थांबल्यावर वाटलं," मोठीआई म्हणायची. "घरातून कुणीतरी उठून गेल्यासारखं."

तिसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. खरी कडी. एकदाच, जोरात.

कचेरीतला पट्टेवाला होता, गुणाजी. त्याने डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली होती.

"बाई, अच्युतराव परवा घरी येताना अडवले. डाक्तर नाडी बघत उभे होते नाक्यावर. अंगात ताप लागला. तसेच गाडीत घालून परळला नेले. आम्हाला आज कळलं."

परळला तळ्याकाठच्या एका जुन्या बंगल्यात सरकारने तापाचं इस्पितळ उघडलं होतं. शेवंता नेमकी टोपली घेऊन येत होती. तिने टोपली तिथेच अंगणात टाकली. "चल बाय, मी येते." त्या काळी आमच्या जातीची बाई कोळणीबरोबर घोड्याच्या ट्राममध्ये बसली असती तर बोभाटा झाला असता. बघायला कुणी उरलंच नव्हतं.

बंगल्याचे मोठाले दिवाणखाने खाटांनी भरले होते. चुन्याचा आणि औषधाचा वास. एक म्हातारी दाई पुढे आली. नवऱ्याचं नाव घ्यायची पाळी आली तेव्हा दमयंतीची जीभ अडली. शेवटी शेवंतानेच सांगितलं.

दाईने दमयंतीचा हात हातात घेतला.

"काल दिवे लावायच्या वेळेला गेले गं पोरी. नेलंसुद्धा त्यांना."

मग तिने कोपऱ्यातली खाट दाखवली. खाट रिकामी होती. उशाशी भिंतीवरून एक जुनी रेशमी दोरी लोंबत होती. टोकाला विटका गोंडा.

"बंगल्यात साहेब राहायचा ना, तेव्हाची आहे. दोरी ओढली की तारेने लांब कुठे तरी घंटी वाजायची आणि नोकर यायचा. आता घंटी कुठली आणि तार कुठली, सगळं सामान विकून टाकलं. पण तुझ्या माणसाचा हात सारखा त्या दोरीला. दोनदा ओढायचे, थांबायचे, दाराकडे बघायचे. मी म्हटलं, बाबा, पलीकडे काही नाही हो तिच्या. तर म्हणाले, आहे. ती येईल." दाईने डोळे पुसले. "तिसऱ्यांदा ओढायला हातात ताकदच नसायची."

दमयंतीने वर पाहिलं.

दोरी छताजवळ एका भोकातून तुटक्या तारेला बांधलेली. तार कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबलेली. आणि कोपऱ्यात, काळवंडलेल्या भिंतीवर एक स्वच्छ पांढरा डाग होता. काहीतरी काढून नेल्यावर राहतो तसा.

दोन छोटे हात. एक आडवा, एक उभा. मधे स्क्रूचं भोक.

दारापलीकडच्या कोपऱ्यात तसलाच एक तुकडा अजून भिंतीवर होता. तिथे उरलेली तार त्याच्या एका भोकात येऊन दुसऱ्या भोकातून वळण घेत होती.

ती किंचाळली नाही, रडलीही नाही.

ते कशासाठी असतं, ते आता तिला कळलं होतं. सांगायला घरी कुणी नव्हतं.

शेवंता त्या रात्री तिच्याजवळ राहते म्हणाली. दमयंतीने तिला पाठवून दिलं. कपाळ पुसलेलं, बांगड्या उतरवलेल्या, अशी ती चौकटीखाली बसली. दिवा लावायची वेळ झाली. लावला नाही.

अंधार उतरत होता.

तो हात हलला.

सावकाश... अगदी सावकाश खाली आला.

टक्.

एकदाच.

दोन हाका काल आधीच येऊन गेल्या होत्या. ही तिसरी होती.

"ओ," ती म्हणाली. मोठ्याने. सगळ्या रिकाम्या वाडीत ऐकू जाईल एवढ्याने. "ओ. आले."

पुढे काय झालं, ते मोठीआईने कुणालाच सांगितलं नाही. आम्ही मुलं खोदून खोदून विचारायचो. ती वातीला तूप लावत बसायची आणि म्हणायची, "पुढे सासूबाई वसईहून आल्या."

ती त्याच खोलीत राहिली. सगळं आयुष्य. माहेरचे न्यायला आले, गेली नाही. माझ्या आजोबांनी दादरला जागा घेतली, तिथेही आली नाही. रोज दिवेलागणीला चौकटीखाली उभी राहून एकदा "ओ" म्हणायची आणि मग दिवा लावायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. कुणी शुभंकरोती म्हणतं, ही ओ म्हणते.

मी शाळेत असताना ती गेली. अशीच संध्याकाळ होती. आत जाऊन बघितलं तेव्हा चौकटीवरचा पितळेचा हात खाली आलेला होता. तसाच राहिला. वर जाईना. वडिलांनी स्क्रू काढून तो तुकडा खाली घेतला, सांध्याला तेल सोडलं, पक्कडीने ओढून पाहिला. हलला नाही.

आता तो माझ्याकडे आहे. लुगड्याच्या एका फाटक्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. सांध्यावर हिरवा गंज चढलाय. माझ्या मुलांना विचारलं की ओळखा पाहू काय आहे, तर त्यांनाही ओळखता येत नाही. मुलं परदेशी आहेत. हे गेल्यापासून इतक्या खोल्यांत मी एकटीच असते.

गेल्या आठवड्यात मी दिवा लावत होते.

कपाटातून आवाज आला.

टक्... टक्.

मी कपाट उघडलं. घडी तशीच होती. आतला तुकडा तसाच, हात खाली, गंजून बसलेला. बोटाने हलवून पाहिला. हलत नाही.

बोलावणाऱ्याला त्याची ओ केव्हाच मिळाली. ओ देणारीही गेली.

मग आता हे कोण... आणि कुणाला?

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसते. तिसरी अजून आलेली नाही. आली तर ओ द्यायची की नाही, ते माझं ठरत नाही.