पदरावरचा चंद्रहार

"पुसू नका! हात लावू नका तुम्ही मला!"

महेकच्या तोंडून 'तुम्ही' निघालं आणि हसिनाच्या हातातला ओला रुमाल तसाच अधांतरी राहिला. मांडीवर वाढवलेली पोर, जी हिला आजवर 'तू'शिवाय बोलली नव्हती, ती आज परक्या बाईशी बोलावं तशी बोलत होती... उद्या जिचा निकाह, ती मान ताठ करून आरशापुढे बसली होती आणि तिच्या गळ्यापासून छातीपर्यंत काळपट हिरवा डाग उतरला होता. मोतिया रंगाच्या ब्लाऊजचा काठही त्यानं माखला होता. आरशापाशी चंद्रहार पडला होता. जागोजागी त्याचं सोन्याचं पाणी उडून आतला तांबडा धातू उघडा पडला होता.

मेकअपला आलेल्या प्रतीक्षाला बिचारीला काय ठाऊक! ती सहज बोलून गेली होती, "ताई, एक ग्रॅमच्या दागिन्याला परफ्यूम लागू द्यायचा नसतो. त्यात तळ्यावर केवढं ऊन... काळं पडणारच ना!"

एक ग्रॅमचा! दादीचा चंद्रहार एक ग्रॅमचा! खोलीतल्या पाहुण्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून हसिनाकडे बघितलं.

बघणारच. दादीचे तिन्ही दागिने इतकी वर्षं होते कुणाच्या अंगावर? हसिनाच्याच! कुसगावापासून तळेगावापर्यंत जमातीतलं एक लग्न, एक बारसं असं गेलं नसेल, जिथं ही बाई तिपेडी सोनं घालून आली नाही. गळ्याशी घट्ट ठुशी, तिच्याखाली दोन बोटं जागा सोडून बोरमाळ आणि सगळ्यांत खाली, पदरावरून पोटापर्यंत रुळणारा चंद्रहार. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी बाईची नटायची हौस काही जात नाही, असं बायका बोलत. हळूही बोलत नसत, तिच्या कानांवर पडेल इतपत मोठ्यानं बोलत. आणि हसिना? हसिना पदर सारखा करी आणि पंगतीत वाढायला उठे.

हौस कसली आली होती तिला! रमीज, तिचा नवरा, लग्नानंतर थोड्याच वर्षांत साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. पोटी मूल नव्हतं. आंदर मावळातून तिचा भाऊ महंमद तिला न्यायला आला होता, एक चांगलं स्थळही त्यानं बघून ठेवलं होतं. पण त्याच सुमारास धाकटी जाऊ लायबा तान्ह्या महेकला मागे टाकून अल्लाला प्यारी झाली आणि ती रडणारी पोर कुणीतरी हसिनाच्या मांडीवर आणून ठेवली... भाऊ रिकाम्या हातांनी परत गेला. मांडीवरची पोर मांडीवरच राहिली, वाढली, आणि 'बडीअम्मी, बडीअम्मी' करत घरभर तिच्या पदराला धरून हिंडू लागली.

सासूनं तेव्हाच तिन्ही दागिने थोरल्या सुनेच्या हवाली केले. त्या घरात मुलीचं सोनं कपाटात कोंडून ठेवायची रीतच नव्हती. मुलगी मोठी होईतो घरातल्या थोरल्या बाईनं ते चारचौघांत घालायचं, म्हणजे पोर काय घेऊन सासरी जाणार आहे ते जमातीच्या डोळ्यांपुढे राहतं. निकाहच्या दिवशी त्याच थोरल्या बाईनं आपल्या हातानं ते मुलीच्या गळ्यात घालायचं. "तुला आवडो न आवडो, घालत जा," सासू म्हणाली होती. "तुझ्या अंगावर दिसेल तेच उद्या पोरीचं."

मग एका दुपारी तौसिफ, तिचा धाकटा दीर, महेकचा बाप, स्वयंपाकघराच्या दारात येऊन लहान मुलासारखा रडू लागला. पर्यटकांना पॉइंट दाखवणारी जीप चालवून त्याचं बरं चाललं होतं. पण तुंगार्लीत कुणाबरोबर तरी बंगला भाड्यानं घेऊन पाहुणे उतरवायचं खूळ डोक्यात शिरलं, त्यासाठी त्यानं हसिनाच्या डब्यातून चंद्रहार काढला, विकला आणि तो भागीदार एके दिवशी गायब झाला!

"भाबी, अम्मी अंथरुणाला खिळलीय. तिला कळलं तर ती जीव सोडेल! आणि महेक... तिला आई तर नाहीच, बापही चोर निघाला म्हणून ती मोठी होणार का? लग्नाच्या आत नवा करून घालतो, भाबी. अम्मीची शपथ!"

काय करणार होती हसिना? तळेगावच्या बाजारात जाऊन तिनं हुबेहूब तसा चंद्रहार आणला. असल्या दागिन्याला घाम लागला की तो रंग सोडतो, असं दुकानदारानं बजावलं होतं. म्हणून तिनं तो कधी अंगाला लागू दिला नाही, कायम पदरावरून घातला. ठुशी आणि बोरमाळ अस्सल होत्या, त्या घासूनपुसून अशा चमकवायची की बघणाऱ्याची नजर वरच अडकावी आणि खालच्याकडे नुसती ओझरती जावी. बायकांना वाटे, काय छान मांडणी जमते हिला! तरण्या मुली तर विचारायला येत, भाबी, कशावर काय घालू, किती अंतर सोडू? आणि ती सांगायचीही... दोन जाड दागिने शेजारी घालू नकोस, एक भरगच्च तर दुसरा नाजूक, एकाचं टोक दुसऱ्यावर चढू देऊ नकोस. हसून सांगायची आणि कुणी चंद्रहाराला हात लावायच्या आत उठायची.

महेकलाही तिनं हेच शिकवलं होतं. "आणि चंद्रहार पदरावरूनच घालायचा हं!"

"जुनी फॅशन झाली ती, बडीअम्मी!" महेक मोबाईल तिच्या नाकापुढे नाचवत म्हणायची. "आता सगळं अंगालगत घालतात. नेकलाइन मोकळी ठेवायची, एकाखाली एक सोडत जायचं. लेअरिंग म्हणतात त्याला!"

तौसिफचा नवा चंद्रहार काही आलाच नाही. उद्या निकाहला ओढणीवरून हाच तासभर घालू, मग लगेच काढून ठेवू, असं हसिनानं मनाशी ठरवलं होतं. पण महेकनं आज सकाळी तिला न विचारता डबा उचलला आणि प्रतीक्षाला घेऊन तुंगार्लीच्या तळ्यावर फोटो काढायला गेली. मे महिन्याचं ऊन, अंगभर घाम, वरून परफ्यूम... व्हायचं ते झालं.

"मी म्हणत होते ना!" शमशाद, तौसिफची बहीण, आता पुढे झाली. "अम्मीनं डोळे मिटले आणि हिनं हात मारला! अस्सल माल माहेरी पोचता केला असेल, नाहीतर कुठं जाईल? पोरीच्या सोन्यावर डल्ला मारलास, हसिना? अल्लाची तरी भीती बाळगायचीस!"

हसिनानं दाराकडे बघितलं. दारात तौसिफ उभा होता. मांडववाल्याशी बोलता बोलता आरडाओरडा ऐकून तो आत आला होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं... बोल, ती मनातल्या मनात विनवत होती. एक शब्द बोल. 'भाबीनं नाही' एवढंच म्हण, पुढचं मी निभावून नेते!

"अब्बा," महेक त्याच्याकडे वळली, "तुम्हाला माहीत होतं?"

तौसिफनं रुमालानं कपाळ पुसलं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "भाबी... तुम्ही असं करायला नको होतं."

गप्प राहिला असता तरी चाललं असतं! हसिनाला वाटलं, ओरडावं, सगळ्यांसमोर याची गचांडी धरून विचारावं! पण समोर बसली होती ती पोर... जिला आई आठवत नव्हती, जिचा आता हा एकच बाप उरला होता, आणि उद्या याच बापानं तिचा हात दुसऱ्याच्या हाती द्यायचा होता. आज याचं पितळ उघडं पडलं तर उद्या ही कुणाच्या तोंडाकडे बघून घर सोडेल?

"चुकलं माझं," हसिना म्हणाली. "मीच बदलला."

"का?" असं महेक विचारेल, याची ती वाट बघत राहिली. जगानं नको, या एका पोरीनं तरी विचारावं! महेकनं नाही विचारलं. ती म्हणाली, "उद्या माझ्या गळ्यात दागिने शमशादफुप्पीच घालेल. तुम्ही माझ्यासमोर येऊ नका."

दुसऱ्या दिवशी निकाह झाला. तळेगावची वरात आली, बिर्याणीचे हंडे उतरले, सगळं रीतसर पार पडलं. हसिना मागच्या दारी राखेनं भांडी घासत होती. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि तिथून तिला दिसलं, शमशादनं दोनच दागिने घातले होते आणि तेही धड नाही. बोरमाळेचा दोरा ओढून इतका वर बांधला होता की मणी ठुशीवर चढून बसले होते. दोन बोटं सैल सोडायचं, बास! हसिनाचे हात आपोआप उचलले गेले... आणि पुन्हा राखेत गेले. पाठवणीच्या वेळी महेक सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. मागच्या दारी मात्र ती आली नाही.

त्याच संध्याकाळी हसिनानं दोन लुगडी पिशवीत भरली आणि घर सोडलं. तौसिफ ओट्यावर बसला होता. त्यानं वर बघितलं नाही, तीही थांबली नाही.

आंदर मावळात भावाच्या गावी एसटी दिवसातून कधी येते, कधी येतच नाही. शेवटचा डोंगर ती चालतच चढली. महंमद गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. बहिणीला पिशवीसकट बघून त्याच्या हातातली पेंढी गळून पडली.

"लय ऐकलं म्या," तो म्हणाला. "तुझ्या नणंदंनं हितवर सांगावा धाडलाय, सोनं भावाच्या घरात दडवलंय म्हून. खरं काय ते मला सांग, हसिना."

"काय सांगू, भाऊ? मला ऱ्हाऊ देशील का, येवढं सांग."

"खुळी का काय! घर कुणाचं हाय हे? भाकरी कमी पडायची न्हाई." पण तो नजरेला नजर देत नव्हता. तिला ते कळलं आणि तेही तिनं गिळलं.

लग्नानंतरच्या पहिल्या जुम्म्याला, शुक्रवारी, मुलगी माहेरी येते. त्या दिवशी दुपारी बांधापलीकडे तौसिफची जीप येऊन थांबली आणि नव्या नवरीच्या कपड्यांत महेक ढेकळांतून धडपडत पळत आली.

"बडीअम्मी!"

हसिना अंगणात तांदूळ निवडत होती. तिचं सूप हातात तसंच राहिलं. महेकनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि अशी रडली, अशी रडली की आतून महंमदची बायको धावत आली. हसिनानं तिला नजरेनंच परत पाठवलं.

"सासूबाई म्हणाल्या," महेक हुंदके देत बोलू लागली, "चोरणारी बाई चोरीचा माल असा वर्षानुवर्षं चारचौघांत घालून फिरेल का? ती हरवला म्हणून सांगेल आणि मोकळी होईल. मी रात्रभर तेच घोळवत राहिले, बडीअम्मी. आज घरी जाऊन अब्बांना विचारलं... माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला... आणि ते खालीच बसले गं! सगळं सांगितलं त्यांनी! लोक तुला नटवी म्हणायचे आणि मलाही वाटायचं, कशाला घालते ही एवढं! तू माझ्यासाठी घालत होतीस! मला माफ कर... अब्बांनाही..."

तौसिफ जीपपाशी उभा होता. पुढे यायची त्याची हिंमत होत नव्हती.

"त्याला मी केव्हाच माफ केलं," हसिना म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्यामुळेच महेकला तो सोसवेना. "तो भेकड आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. भेकड माणसावर कशाला रागवायचं? पण तू... तू विचारलं नाहीस गं, महेक. तुझ्या सासूनं मला धड बघितलंही नाही, तिला प्रश्न पडला. माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीला पडला नाही!"

महेक हसिनाच्या गुडघ्यांना मिठी मारून बसली. शेवटी हसिनाचाच धीर सुटला. तिनं पोरीला उराशी घेतलं आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू एकदम फुटलं.

मग महेकनं डोळे पुसले. "चल घरी. अब्बा आज फुप्पीसमोर, सगळ्या जमातीसमोर खरं सांगतील. मी सांगायला लावणार आहे!"

"नाही."

"नाही? अगं, तुला चोर म्हणतात सगळे!"

"म्हणू देत. तू नव्या घरात कालपरवा गेलीस. चोराची मुलगी म्हणून उभं आयुष्य काढशील? त्यापेक्षा तुझी चुलती चोर निघाली, हे बरं. चुलतीला माणूस तोडून टाकू शकतो. बापाला कसं तोडशील? तुझ्या सासूला पुन्हा विचारलं तर सांग, मीच विकला. आणि तुला खरं ठाऊक आहे, तेवढं मला पुरे."

"पुरे कसं, बडीअम्मी?"

हसिनानं आत जाऊन पोरीला गुळाचा चहा करून दिला, तो पिऊन होईतो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. उन्हं कलली तसं तिनंच तिला उठवलं. सासरी वेळेवर पोचायला हवं, म्हणाली. जीप वळणाआड गेली तेव्हा महंमद शेतावरून परतत होता. त्यानं वाटेवरची धूळ बघितली, बहिणीचे सुजलेले डोळे बघितले.

"महेक आलती व्हय? काय म्हनली? खरं काय हुतं ते कळलं का तिला?"

हसिनानं सूप पुढे ओढलं.

"कशाचं खरं, भाऊ? माफ केलं म्हनली पोरीनं मला. लय मोठ्या मनाची हाय."