दोन खोल्या भाड्याने देणे आहेत

ममतानं कुलपाला किल्ली लावली आणि मागून आवाज आला, "हे घर तुमचं हाय का?"

झिमझिम चुकवत एक उंच, सावळा तरुण ओसरीत शिरला. हातात मीटर रीडिंगचं यंत्र, केसांवर पावसाचे थेंब... आणि डोळ्यांत हसू.

"हो. काहून?"

"तुमचे भाडेकरू लय काटकसरी दिसतात. रोज संध्याकाळी बल्ब जळते. पण ना पंखा, ना मोटार! मी तीन महिन्यांपासून विचार करून राह्यलो, हे लोक राहतात तरी कसे?"

ममताला हसूही आलं आणि रडूही. कारण आत कुणी राहतच नव्हतं.

तहसीलसमोरच्या आपल्या सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून भरून तिनं पाच वर्षं पैसे साठवले होते. मारेगावची पोरं नागपूर-पुण्याकडे निघालेली, घरांना गिऱ्हाईक नाही, म्हणूनच हे दोन खोल्यांचं घर तिला परवडलं. भाडं येत राहील, असा तिचा साधा विचार. पण सात महिने झाले तरी भाडेकरूचा पत्ता नव्हता. आता वडिलांनी, देवरावांनी, निम्म्या किमतीत घेणारा एक जण शोधला होता. महिनाअखेरीला त्याला होकार कळवायचा होता. पैसे बुडतील ते बुडतील. पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं केलेली गोष्ट हातची जाणार, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं.

"घर रिकामं हाय," ती म्हणाली. "तिन्हीसांजेले घर अंधारात ठेवू नाही, असं आई म्हणते. म्हणून मी रोज येऊन बल्ब लावते."

 तो खळखळून हसला. "मॅडम, अख्ख्या मोहल्ल्याले वाटते घर भरलेलं हाय! इचारायले कोण येईन?"

"पाटी लावली हाय ना!"

"पाटी काढायची राह्यली असन, असंच वाटते लोकायले."

ममता लाजून चूर झाली. गावभरच्या लोकांना अक्कल शिकवणारी ती, आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही!

त्याचं नाव धम्मरत्न. झरी जामणीकडचा, इथं मित्राच्या खोलीत कसाबसा राहत होता.

"मलेच द्या ना घर," तो म्हणाला.

"एकट्या माणसाले नाही देत."

"एकटा माणूस घर खाते का?"

"मोहल्ला डोकं खाते माझं!"

तरीही तो येत राहिला. मीटर महिन्यातून एकदाच बघायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोललं मात्र कुणीच नाही. कधी गरम भज्यांचा पुडा, कधी कोण खोली शोधतंय याची खबर. घरोघर हिंडणाऱ्या माणसाला गावाचं सगळं कळतं. संध्याकाळ झाली की ममताचे कान त्याच्या गाडीच्या आवाजाकडे लागायचे. ती प्रेमात पडली होती — आडपडदा कशाला ठेवायचा?

महिना संपायला दोन दिवस उरले असताना धम्मरत्न एका जोडप्याला घेऊन आला. दोघंही शिक्षक, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला आणि तिथंच आगाऊ भाडं ममताच्या हातावर ठेवलं. तिनं लगेच देवरावांना फोन लावला. "ठेव बाई तुझं घर," ते म्हणाले, आणि विक्रीचा विषय मिटला.

जोडपं गेलं. ओसरीत दोघंच उरले.

"झालं तुमचं काम," धम्मरत्न म्हणाला. "आता मले इकडे यायले काही कारण नाही राह्यलं..." त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

 घर वाचलं होतं, आणि तरी ममताला रडू येत होतं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं... सोडलं.

"रविवारी सुट्टी हाय ना तुमाले?"

"हाय. काहून?"

"बाजारामागं आणखी एक घर निघालं हाय. पाहायले चला संगं."

"पुन्हा? भाड्यानं द्यायले?"

"नाही —" तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं. "राहायले. मी आन तुमी."

धम्मरत्नच्या डोळ्यांत पुन्हा हसू आलं. 

"किती वाजता निघायचं?" त्यानं हळूच विचारलं.