सहदेवचं कुलूप

मोबाईल खिशात टाका आधी. कळंबात लाइट गेली की सकाळपर्यंत गेलीच समजायची. अन् निलेश, तू हसायचं नाय. हसायचं असेल तर आताच घरी जा, मला राग येतो.

ही गोष्ट मनोजनं बघितलेली. माझा भाचा, टेंपोवाला, तुमी ओळखता त्याला. आता घराला कुलूप लावायची वेळ आली की तो बायकोला पुढं करतो, स्वतः हात लावत नाय. का, ते सांगतो.

पळसदरीच्या अलीकडं, रस्त्याला लागून सहदेवचं घर. सहदेव खोपोलीला वाचनालयात ग्रंथपाल होता, जन्म गेला त्याचा तिथं. मी पण जायचो पेपर वाचायला. फाटकं पुस्तक दिसलं की माणूस कासावीस व्हायचा. घरून मैद्याची खळ करून आणायचा अन् एकेक पान चिकटवत बसायचा. तुमच्यासारख्या कोणी पानाचा कोपरा दुमडला तर नुसता बघायचा. पुरे व्हायचं तेवढं.

एकदा एक म्हातारबा कपाटांच्या मागं बाकावर झोपून गेला अन् रात्रभर आत कोंडला. सकाळी बघतात तर गारठून अर्धा झालेला. सहदेवच्या ते मनाला लागलं. तेव्हापासून कुलूप घालायच्या आधी दारात उभा राहून हाक द्यायचा, "आत कोण हाय का?" थांबायचा. परत हाक. मगच कुलूप.

तीच सवय त्यानं घरी आणली. घरच्यांवर जीव लई. बायको चंद्राबाई आजारी पडली तर ह्यानं भाकऱ्या थापल्या. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून जेवणं झाली की रोज तिला पुस्तक वाचून दाखवायचा. पण झोपायच्या आधी दाराशी उभा राहून एकेकाचं नाव घ्यायचा. चंद्रा. मग पोरगा, नवीन. पुढं सून आली, अक्षदा. मग नात, आरोही. ज्याचं नाव घेतलं त्यानं "हाय" म्हणायचं. सगळ्यांनी ओ दिली की पितळी कुलूप आतून कडीला लागायचं. कोणी बाहेर राहिला असेल, तर हा कुलूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहणार. माया म्हणा नायतर पहारा म्हणा. नवीनला तो पहाराच वाटायचा.

नवीनला मोहोपाड्याला कंपनीत नोकरी लागली. कॉलनीत खोली पण मिळत होती. रिटायर झालेला सहदेव म्हणाला, "मी हाय तोवर हे घर फुटायचं नाय." झालं, बापलेकाचं बोलणं तुटलं. काय सांगायचं असेल ते चार वर्षांच्या आरोहीकरवी सांगायचे. तशातच गेल्या दिवाळीच्या आधी सहदेव झोपेतच गेला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर बसून बघतोय, खाली काय येत नाय. ऊन चढलं, माणसं कंटाळली. चंद्राबाई नवीनला म्हणाली, "त्यांचा जीव कशात हाय ते तुला ठावं हाय. बोल." नवीन चिडलेला, भुकेला. हात जोडून म्हणाला, "बाबा, आमी कोणी घर सोडून जाणार नाय." शब्द संपायच्या आत कावळा खाली.

असा शब्द सगळेच देतात रं, सुटका व्हावी म्हणून. पण दिला तर पाळायचा असतो.

पौषातली संकष्टी होती. नवीननं सामान मोहोपाड्याला न्यायला मनोजचा टेंपो सांगितला. दुपारीच निघायचं ठरलेलं. पण चंद्राबाईचा उपास. ती म्हणाली, चंद्र बघून ह्याच घरात शेवटचा घास घेईन, मग कुठं न्यायचं तिथं न्या. चंद्र वर यायला नऊ वाजून गेले. ती जेवली, ताट धुतलं, पिशवीत भरलं. सासू, सून अन् नात पुढं मनोजच्या शेजारी बसल्या. नवीन मागं सामानात बसणार होता. इंजिन चालू.

नवीन कुलूप घेऊन दाराशी गेला. आता बघा, बापाशी भांडला, पण सवय बापाचीच. कडीला हात घातला अन् बोलून गेला, "आत कोण हाय का?"

थांबला.

आतून आवाज आला. "हाय."

मोठा आवाज नव्हता, असं मनोज सांगतो. वाचनालयात बोलतात तसा... हळू.

नवीनच्या हातून कुलूप पडलं. पळत आला, फळीला धरून मागं चढला. "मनोज, काढ." मनोजनं गिअर टाकला. इंजिन बंद पडलं. परत चावी फिरवली. नाय.

मग आतून...

"चंद्रा."

कोणी बोललं नाय.

"नवीन."

मागं सामानात एक भांडं वाजलं.

"अक्षदा."

आवाज आता दारात होता. दार सताड उघडं. ओटीवर चांदणं. अन् ओटीवर कोणी नाय.

"आरोही."

पोर आईच्या मांडीवर, अर्धी झोपेत. बोलायला लागल्यापासून ह्या हाकेला ओ दिलेली. तिनं तोंड उघडलं. अक्षदानं तोंडावर हात दाबला.

"आरोही." अंगणात.

पोर आईचा हात चावायला लागली. तिला ओ द्यायची होती...

"आरोही."

खिडकीपाशी. काचेवर वाफ धरली. बाहेरून.

त्या आवाजात राग होता, मनोज म्हणतो. एवढा मायेचा माणूस. पण नुसता राग.

तेव्हा चंद्राबाईनं टेंपोचं दार उघडलं. अक्षदा म्हणाली, "आई, नका उतरू."

"त्यांना घरात ओ देणारं माणूस लागतं गं," म्हातारी म्हणाली. "पोरीला नाय द्यायची मी."

खाली उतरली. डोक्यावर पदर घेतला. समोर कोणी नव्हतं, तिथं बघून म्हणाली, "मी हाय. चला आत."

ती घरात गेली. दार लागलं. मनोजनं चावी फिरवली... इंजिन सुरू.

नवीननं मागून टेंपो थांबव म्हणून हाक नाय मारली. त्याची त्याला लाज हाय अजून. टेंपो थेट चौक गावाच्या पुढं गेला.

सकाळी नवीन अन् मनोज परत आले. दाराला कुलूप. तेच, रात्री नवीनच्या हातून पडलेलं. जिवंतपणी सहदेव ते आतून लावायचा, आता ते बाहेरून होतं. जुनं कुलूप, किल्लीशिवाय लागत नाय. अन् किल्ली रात्रभर नवीनच्या खिशात.

उघडून आत गेले. चंद्राबाई चुलीवर चहा ठेवत होती. नवीन रडला, पाय धरले, चल म्हणाला. ती म्हणाली, "मी इथं हाय तोवर ते तिकडं यायचे नाय. तू जा. अन् अंधार पडल्यावर पोरीला नावानं हाक मारू नका."

ती राहिली. किल्ली शेजारच्या नंदाकडं. नंदा रोज सकाळी जाऊन बाहेरचं कुलूप उघडायची. ते कोण लावतं, तिनं विचारलं नाय. तुमी पण विचारू नका. पण रात्री भिंतीला कान लावला की तिला ऐकू यायचं. म्हातारी आधी आपली ओ द्यायची. मग आवाज जाड करून नवीनची. मग सुनेची. अन् शेवटी बारीक आवाज काढून आरोहीची. ज्यानं जन्मभर तिला वाचून दाखवलं, त्याला रोज फसवत होती बिचारी. नातीसाठी.

पोशा, मागं काय बघतोस? बस. संपत आलं.

गेल्या मंगळवारी सकाळी नंदा गेली, तर दाराला कुलूप नव्हतं. पहिल्यांदाच. दार नुसतं लोटलेलं. आत चंद्राबाई अंथरुणात... गार.

नंदानं नवीनला फोन लावला. तो तसाच उठला, पायात चप्पल घातली. मोहोपाड्याच्या खोलीची आतली कडी काढली. दार ओढलं.

उघडेना.

परत ओढलं.

मागून आरोही म्हणाली, "पप्पा, रात्री आबा आलेले. मी हाय म्हटलं."

अक्षदानं खिडकीतून शेजाऱ्याला हाक मारली. तो जिना चढून आला. दारासमोर उभा राहिला. अन् तसाच दोन पायऱ्या मागं उतरला.

"काय हाय बाहेर?" नवीन आतून विचारतोय. "अरे, काय हाय?"

कुलूप होतं. पितळी.