लाँचवरून दिसणारं घर

ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्याबरोबर घडलंय. माझा नवरा आत्ता शेजारच्या खोलीत बसलाय, तो याला साक्षी आहे. फक्त तो या विषयावर बोलत नाही.

आणि आधीच सांगते, यात काळोखी रात्र नाही. जे झालं ते लख्ख उन्हात झालं. एका रविवारी, आणि मग मंगळवारी. भर दुपारी.

म्हणूनच जास्त भीती वाटते. रात्रीचं काही असतं तर दिवा तरी लावला असता.

आम्ही एका लहानशा बेटावर राहतो. बेट एवढंसं की रस्ता एकच, आणि तोही फिरून परत धक्क्यावर येतो. नारळाची झाडं, खारा वारा, बारा महिने घाम. नवी सायकल घ्यावी तर वर्षभरात तिला गंज चढतो. मी पलीकडे, शहरात, चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. सकाळच्या लाँचने जायचं, संध्याकाळच्या शेवटच्या लाँचने यायचं. ती चुकली की बसा शहरातच. नवरा बेटावरच्या लॉजमधले एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो.

आमची भाड्याची खोली जाळ्यांच्या गोदामावर होती. कपडे कितीही धुवा, मासळीचा वास म्हणून जायचा नाही. लाँचमध्ये शेजारची बाई हळूच सरकून बसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. स्वतःचं घर हवं, स्वतःचं घर हवं, हाच जप चालू होता माझा.

पण बेटावर घर विकायला निघतं कुठे? जमीनच एवढीशी. जो तो आपलं धरून बसलेला.

आणि मग ते घर कळलं.

मालकाचं शहरात औषधांचं दुकान होतं. बोलायला अगदी लोणी.

"आईचं घर आहे. आई आता माझ्याकडेच असते. बंद ठेवून काय करायचं?"

त्याने बयाणा घेतला, आणि कागद व्हायच्या आधीच किल्ल्या हातात ठेवल्या. "तोवर रंग काढून घ्या," म्हणाला.

"किती चांगला माणूस आहे!" मी बाहेर पडल्यावर म्हटलं.

"चांगल्या माणसाला एवढी घाई नसते," नवरा म्हणाला. पण किल्ल्या त्याने खिशात घट्ट धरल्या होत्या. त्यालाही ते घर हवंच होतं.

घर चढावर होतं. कौलारू, तीन खोल्या, पुढे व्हरांडा. खाली सगळा समुद्र. लाँच धक्क्याला लागताना पहिलं तेच दिसायचं. व्हरांड्यात एक वेताची खुर्ची होती, बसून बसून खोलगट झालेली.

पहिल्यांदा कुलूप काढून आत गेलो. छान गारवा होता. मी भिंतींवरून हात फिरवत होते. नवरा मात्र मधल्या खोलीत थांबला.

"ऐक," तो म्हणाला.

"काय?"

"तेच तर... काहीच नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

समुद्र ऐकू येत नव्हता.

आमच्या बेटावर समुद्र कुठेही ऐकू येतो. झोपेत, न्हाणीघरात, उशीखाली डोकं घातलं तरी. आणि इथे तो समोर दिसत होता, लाटा फुटत होत्या... आवाज नाही. मी व्हरांड्यात पाऊल टाकलं, आवाज आला. आत आले, बंद.

"जाड भिंती आहेत," नवरा म्हणाला. "बरंय, झोप लागेल."

हसलो आम्ही. खरंच हसलो.

रविवारी रंग काढायला घेतला. मी आवडीने हिरवा आणला होता, कोवळ्या पानासारखा. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. नवरा मधल्या खोलीच्या भिंतीला रोलर लावत होता, मी खिडक्या घासत होते.

आणि मागून आवाज आला...

"च्."

जिभेचा. म्हाताऱ्या बायका नापसंती दाखवतात ना, तसा.

"काय झालं? नीट लागत नाहीये का?" मी विचारलं.

"मी काही बोललो नाही. मला वाटलं तूच."

त्याने रोलर परत भिंतीला लावला.

"च्... च्."

आता दोघांनीही ऐकलं. आवाज आमच्या दोघांच्या मधून आला होता. तिथे नुसती फरशी होती आणि फरशीवर ऊन.

"पाल असेल," नवरा म्हणाला.

मी मान हलवली. पाल रोलर भिंतीला टेकायची वाट बघते का, हे मी विचारलं नाही. कसंबसं आवरलं आणि निघालो. तोंडाने दोघंही म्हणत होतो, भूक लागली म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचला मी नेहमीसारखी पुढे बसले. आमचा तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, मला 'चष्मेवाल्या ताई' म्हणतो. लाँच वळवता वळवता तो म्हणाला,

"सासूबाईंना आणलंत वाटतं नव्या घरात?"

"सासूबाई? मला सासू नाही. लग्नाआधीच गेल्या त्या."

त्याने सुकाणू सरळ केलं आणि म्हणाला, "मग व्हरांड्यात उभ्या असतात त्या कोण?"

"कधी?"

"मी रोज बघतो. एवढ्या लांबून चेहरा कळत नाही. लाँच धक्क्याला लागली की खुर्चीतून उठतात आणि हात करतात."

"बोलावतात?"

"नाही ताई." त्याने सुकाणूवरचा एक हात उचलला आणि कोंबड्या हाकलतात तसा झटकला. "असं."

मी वळून बघितलं. व्हरांडा रिकामा होता. खुर्ची मात्र समुद्राकडे पाठ करून ठेवलेली होती. आम्ही ती तशी ठेवली नव्हती.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो चिडला. "आता तांडेलाच्या सांगण्यावरून घर सोडायचं? अख्खी जमापुंजी घातलीय तिथे. उद्या दुपारी जाऊन कड्या बदलतो, दार नीट लागायला लागलं की सगळे आवाज बंद."

मंगळवारी दुकानात माझं लक्षच लागेना. एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली मी. शेवटी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारची लाँच पकडली.

चढ चढून गेले तर दार बंद.

आतून आवाज येत होता. माझ्या नवऱ्याचा. पण तो असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता... शाळेत मार खाणाऱ्या मुलासारखा.

"जातो... जातो म्हटलं ना... उघडा, मी जातो..."

"अरे, काय झालं? दार उघड!" मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

आतला आवाज थांबला.

मग दाराच्या अगदी मागे, माझ्या तोंडासमोर, फळीच्या त्या बाजूला...

"च्."

आणि कडी सरकली. लोखंडी कडी, करकरत. मी स्वतःच्या कानांनी ऐकली. दार उघडलं.

नवरा मधल्या खोलीत होता, पार पलीकडच्या कोपऱ्यात. दाराजवळ कुणीच नव्हतं. त्याने उजवा हात पोटाशी धरला होता, बोटं काळीनिळी पडलेली. दारात चेमटली होती.

"कडी कुणी काढली?" मी विचारलं.

त्याने खाली बोट दाखवलं. जुनी कडी फरशीवर पडली होती, स्क्रूंसकट. त्याने ती आल्या आल्याच काढून ठेवली होती. नवी अजून पुड्यात होती.

दाराला कडीच नव्हती.

मी त्याला धरून बाहेर काढत होते तेव्हा भिंत दिसली. परवाचा हिरवा रंग दमट हवेत अजून ओलसरच होता. तो ओरबाडला होता. कमरेच्या उंचीपासून खालपर्यंत, बोटांच्या रेघा. आतला जुना चुना दिसत होता.

"हे तू केलंस?"

"नाही," तो म्हणाला. "मी बघत होतो. रेघा उमटत होत्या... आणि कोण करतंय ते दिसत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात न जाता थेट औषधवाल्याकडे गेले.

"त्या घरात कोण मेलंय?"

त्याचं हसू तसंच राहिलं. "कुणी नाही हो. शपथेवर सांगतो."

"मग तुमच्या आईला भेटू द्या."

"आई कुणाला भेटत नाही. आजारी असते."

मी हटले नाही. गिऱ्हाइकं बघायला लागली, तसा तो वरमला आणि मला माडीवर घेऊन गेला. मागच्या खोलीत एका पलंगावर म्हातारी पडली होती. उशाशी तिची सून, हातात ओला पंचा घेऊन.

"इथे आणल्यापासून उठल्या नाहीत की बोलल्या नाहीत," सून हळूच म्हणाली. "डोळे दाखवून संध्याकाळच्या लाँचने परत जाऊ, असं सांगून आणलं होतं यांनी. खोटं."

"गप्प बस," औषधवाला म्हणाला.

सून गप्प बसली नाही. तिने चादर बाजूला केली आणि सासूचा हात उचलून माझ्यापुढे धरला.

"काल दुपारपासून घासतेय मी. मला सांगा, पलंगावरून न हलणाऱ्या बाईच्या नखांत हे आलं कुठून?"

नखांत रंग होता.

कोवळ्या पानासारखा हिरवा.

म्हातारीने डोळे उघडले. छताकडे नाही, मुलाकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. आजवर माझा कुणी एवढा तिरस्कार केलेला नाही. मी तिथेच पलंगावर किल्ल्या टाकल्या आणि जिना उतरले. तिची मूठ किल्ल्यांवर बंद झाल्याचा आवाज मला पाठीमागे ऐकू आला.

बयाणा औषधवाल्याने मुकाट्याने परत दिला. नवऱ्याची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहायला गेलो.

पुढच्या पावसाळ्यात म्हातारी शहरातच वारली. समुद्र खवळलेला होता, लाँच बंद होत्या, त्यामुळे शेवटपर्यंत तिला बेटावर कुणी आणलं नाही. घर अजून बंदच आहे. व्हरांड्यात आता कुणी उभं दिसत नाही, असं लोक म्हणतात.

मला वाटलं, संपलं.

पण मग मी एक गोष्ट बघितली. संध्याकाळची शेवटची लाँच धक्क्याला लागते. सगळे उतरतात. आणि सगळ्यांत शेवटी तांडेल वाकतो, रिकाम्या लाँचकडे हात पुढे करतो, आणि कुणाला तरी सांभाळून पायरीवर घेतो. रोज. मग हात पुसतो आणि दोर बांधायला वळतो.

एकदा न राहवून मी विचारलं. "कोण असतं?"

तो माझ्याकडे बघेना.

"घरीच जायचं असतं त्यांना," म्हणाला. "पण चढ काही चढत नाहीत. दुसऱ्या दिवशी परत लाँचमध्ये असतात. मी काय करणार? हात देतो." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, एक सांगू? तुम्ही यापुढे सगळ्यांच्या आधी उतरत जा."

"का?"

"लाँचभर जागा रिकामी असते... तरी त्या तुमच्याच मागे उभ्या असतात. आणि तुमच्या मानेकडे बघतात, ते मला बरं वाटत नाही."

तेव्हापासून मी सगळ्यांत आधी उतरते. मागे वळून बघत नाही.

उद्याही सकाळी कामावर जायचंय. आणि संध्याकाळी त्याच लाँचने परत यायचंय. काम सुटल्यावर बेटावर यायला दुसरी लाँच नाही.