निळ्याला तीन हात

“नियम काढायचा नाही म्हणजे नाही!” ताईने टेबलावर मूठ आपटली. पटावरचे फासे टुणकन उडाले.

“अगं, हळू! क्रेनवरचा माझा माणूस समुद्रात पडला!” गोटी ओरडली.

गोटीचा ‘माणूस’ म्हणजे एक लाकडी फासा. ताई आणि गोटी या दोघी बहिणी सुट्टीत मावशीकडे आल्या होत्या. मावशी दिवसभर कचेरीत इमारतींचे नकाशे काढायची आणि उरलेल्या वेळात, तीन वर्षं खपून, तिने एक खेळ तयार केला होता. त्याचं नाव ‘गोदी’. पटावर बंदर आणि फासे हे तिथले कामगार. जे दान पडेल तसं एकेकाला कामाला जुंपायचं. पाच-सहा पडले, तर तो गडी क्रेन चालवून माल उतरवणार; ज्याचा माल जास्त, तो जिंकणार. दोन, तीन किंवा चार पडले, तर दोर वळणार. आणि एक पडला, की बिचाऱ्याच्या हाती झाडू! पण तीन एक्के जमले, की ते संप करू शकत. मग अख्खी गोदी एक फेरी ठप्प! मुलांचा हा सगळ्यांत लाडका नियम होता.

आणि नेमका तोच काढा, असं खेळणी कंपनीच्या साहेबांचं पत्र आलं होतं. आठ दिवसांपूर्वी ते पट आणि फासे घेऊन गेले होते, आज सकाळी ते सामान पत्रासकट परत आलं. शेजारच्या शंकासुराने पत्र मोठ्याने वाचलं. या मुलाला सूर्य उगवला तरी शंका येई, म्हणून हे नाव.

“‘आम्ही बारा डाव खेळलो. अकरा वेळा निळे फासे घेणारा जिंकला. संपाच्या नियमामुळे खेळ एकतर्फी होतो. तो काढल्याशिवाय छपाई होणार नाही. आज चार वाजता येतो.’”

“नऊ कंपन्यांनी साधं उत्तरही दिलं नाही,” मावशी चपला घालत म्हणाली. “हे निदान येतायत तरी. काढते मी नियम.”

ती कचेरीत गेली. तिचा आवाज तिचा वाटतच नव्हता. ताईला भयंकर राग आला. मावशीचा नव्हे, त्या पत्राचा!

“मला एक शंका आहे,” शंकासुर म्हणाला.

“आलीच का?”

“संप तर कुठल्याही रंगाचे एक्के करू शकतात. मग निळाच का जिंकतो?”

ताईने एक निळा फासा उचलून डोळ्यांसमोर धरला.

“साहेब आले तेव्हा मी म्हटलं होतं, आम्हालाही खेळू द्या, कुठे काय चुकतंय ते सांगतो,” ताई दात-ओठ खात म्हणाली. “तर म्हणाले, ‘बाळांनो, तुम्ही बाहेर जाऊन खेळा!’ चला, आता आत बसूनच खेळू!”

निळा फासा शंभर वेळा टाकला, पिवळा शंभर वेळा. गोटी रेघा मारत होती. पिवळ्याला सहा पडले सतरा वेळा. निळ्याला एकेचाळीस वेळा! आणि एक? फक्त चारदा.

“लबाड कुठला! बुड मेल्या!” गोटीने निळा फासा पाण्याच्या पेल्यात टाकला.

लाकडी फासा तो, कसला बुडतोय! तो तरंगला आणि स्वतःभोवती गिरकी घेत सहा ठिपके वर करून थांबला. गोटीने त्याला बोटाने उलटा केला. पुन्हा सहा वर! बाकीचे निळेही तसेच. पिवळा टाकला, तर तो दर वेळी वेगळंच तोंड दाखवी.

“याची एक ठिपक्याची बाजू जड आहे!” शंकासुर किंचाळला. “या वेळी मला अजिबात शंका नाही!”

“हे रंगवले कुणी?”

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रंगारीकाकांनी! तिघं निळा फासा घेऊन धूम पळत तिथे पोहोचले, तेव्हा काका अंगणात एका खुर्चीला रंग देत होते.

“काका, फासे कसे रंगवलेत तुम्ही?”

“मन लावून!”

“तसं नव्हे हो! निळे कसे रंगवलेत?”

“सगळे सारखेच. फळीवर सहा वर करून ओळीने वाळत ठेवतो. एखादा उलटला, तर लगेच नजरेत भरतो. पिवळ्याला दोन हात दिले. निळ्याला मात्र तीन हात.”

“तीन हात!” गोटीने टाळी वाजवली. “म्हणूनच जिंकतात! दोन हातांच्या कामगारांचा तीन हातवाल्यांपुढे काय निभाव लागणार?”

काका खो खो हसले. “अगं वेडे, हात म्हणजे रंगाचा थर! डब्यात तळाचा निळा उरला होता, अगदी घट्ट. तो पातळ करायचा मी कंटाळा केला, आणि मग...”

बोलता बोलता त्यांनी फाशावरून अंगठा फिरवला आणि त्यांचं हसू मावळलं.

“ओघळून सगळा खाली साचलाय की! खाली म्हणजे एकाच्या बाजूला. मावशीचं काही नुकसान झालं का रे पोरांनो?”

“चार वाजेपर्यंत तरी नाही!” ताई म्हणाली. “चला आमच्याबरोबर!”

घरी पोहोचले, तेव्हा साहेब खुर्चीत ऐसपैस बसले होते. कचेरीतून परतलेल्या मावशीसमोर नियमांची वही उघडी होती आणि तिच्या हातातलं पेन संपाच्या नियमावर टेकलंच होतं.

“थांब मावशी!”

“मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये,” साहेब म्हणाले.

“मोठी माणसं चुकत असतील, तर मध्येच बोलावं लागतं!” ताई टेबलापाशी येऊन उभी राहिली. “साहेब, संपाचा नियम बाजूला ठेवून एक डाव खेळू या. तुमचं खरं असेल, तर निळ्याचं काही चालणार नाही. तुम्ही पिवळे घ्या. गोटी निळे घेईल.”

साहेबांनी गोटीच्या खरचटलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि हसून बाह्या सरसावल्या. “चला, पाच मिनिटांत आटपू.”

आटपलं खरं, पण साहेबांचं! गोटीच्या कामगारांनी क्रेन सोडलीच नाही. साहेबांचे गडी दोर वळत राहिले आणि झाडू मारत राहिले.

“नियम नव्हता, तरी निळाच जिंकला,” शंकासुर अगदी गरीब चेहरा करून म्हणाला. “मग चूक नियमाची कशी? माझी आपली एक शंका.”

ताईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. “टाका निळा फासा. तुमच्याच हाताने!”

साहेबांनी टाकला. सहा. उलटा केला. सहा! तिसऱ्यांदा सहा आल्यावर त्यांचे कान लालबुंद झाले.

“चूक माझी आहे साहेब,” दारातून रंगारीकाका म्हणाले. “निळे फासे खरवडून पुन्हा रंगवून देतो. नियमाला बोल लावू नका.”

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. “आम्ही जिंकलं कोण तेवढंच लिहीत बसलो. फासे बघायचं सुचलंच नाही.”

मावशीने पेनाला टोपण लावलं आणि ती उभी राहिली. “संप खेळात राहणार. पटत नसेल, तर पाणी पिऊन निघा.”

आता तो आवाज तिचाच होता!

“त्या पेल्यातलं नको!” गोटी पटकन म्हणाली.

साहेबांना हसू आवरेना. “राहू दे तो संप! शाबास रे मुलांनो! त्या दिवशी तुम्हाला बाहेर पाठवलं, तीही माझीच चूक. पुढच्या महिन्यात ‘गोदी’ छापायला घेऊ.” त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. “डब्यावरचा मजकूर तेवढा पक्का करू. आम्ही नेहमी लिहितो, ‘मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली खेळावे.’”

 मावशीने पेन ताईच्या हातात दिलं.

ताईने दोनच शब्द खोडले, दोन लिहिले आणि कागद साहेबांपुढे ठेवला: ‘मोठ्यांनी मुलांच्या देखरेखीखाली खेळावे.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.