हिरव्या बनातीचं झाकण

कापडाच्या दुकानात एकाच ताग्याचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं एका अनोळखी माणसाच्या. दोघांनी आधी कापडाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

बनात होती ती. गर्द हिरवी, जाड, हात फिरवला की मांजराच्या पाठीसारखी लागणारी.

"ही मी घेतलीय," ती म्हणाली.

"मीपण... म्हणजे, मनात. दारातून आत येतानाच घेतली."

"मनातलं कापड दुकानदार मोजून देत नाही."

तो हसला. हसताना चष्मा नाकावरून घसरला, तो त्याने बोटाने वर सारला... आणि त्या बोटाकडे ती उगाचच जरा जास्त वेळ बघत राहिली.

"तीन मीटर उरलंय," दुकानदार कंटाळून म्हणाला. "भांडून घ्या, नाहीतर वाटून घ्या."

तिला चमच्यांच्या पेटीला आतून अस्तर लावायला हवी होती. हातभर पुरली असती, पण तसं ती बोलली नाही. "तुम्हाला कशाला एवढी?"

"आईच्या जेवणाच्या टेबलावर झाकण करायचंय. पत्ते खेळायला. खेळ संपला की उचलून ठेवायचं, की टेबल पुन्हा जेवणाचं." त्याने खिशातला कागद उलगडून चित्र दाखवलं. चित्रातलं टेबल आजारी गाढवासारखं दिसत होतं.

"आणि हे करणार कोण?"

"मीच. करवत घेतलीय नवी."

"हाताला बोटं किती आहेत?"

"दहा."

"तेवढीच ठेवायची असतील तर करवत परत करा," ती म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. "सगळी द्या. यांच्या नावावर. झाकण करणार मी."

मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता. वडिलांना सगळे मोठे मिस्त्री म्हणत, तिला धाकटी मिस्त्री. बाराव्या वर्षी तिने रंधा हातात घेतला आणि आता अठ्ठावीस संपत आली तरी तो खाली ठेवला नव्हता. केसांत भुसा, कानावर पेन्सिल. एक-दोघं बघायला आले होते. तिचे हात बघून त्यांचं बोलणं हवापाण्यावर गेलं. तेव्हापासून गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, एवढंच तिने ठरवून टाकलं होतं.

हा माणूस कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक निघाला. त्या दुकानावरून ती रोज जायची, पण चष्मा नसल्यामुळे आत जायची वेळ कधी आली नव्हती.

कारखान्याकडे चालता चालता त्याने सगळं सांगितलं. त्याचे बाबा बत्तीस वर्षं अग्निशमन दलात होते. निवृत्त झाल्यावर ते आणि दलातलेच तीन मित्र दर रविवारी दुपारी जुन्या केंद्राच्या हॉलमध्ये पोकर खेळायचे. पैशांऐवजी शर्टाची बटणं डावावर लावून. ती इमारत पाडली आणि डाव मोडला. बाकीच्या तिघांची घरं लहान. तेव्हापासून बाबा खोलीत बसून राहतात. विचारलं तर "बरं आहे" म्हणतात... आणि बरं काहीच नसतं.

"मग तुमच्या टेबलावर खेळू देत."

"ते टेबल आईने स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतलंय. त्यावर आम्ही पाण्याचा ग्लाससुद्धा विचारून ठेवतो. ती म्हणते, एक खिळा लागला, एक ओरखडा पडला, तर चौघांना जिन्यावरून खाली सोडीन. चौघंही आगीत शिरलेली माणसं, पण आईपुढे..."

ती खळखळून हसली. "खिळा लागणार नाही. टेबलाचं माप आणून द्या."

दुसऱ्या दिवशी तो माप घेऊन आला. तिसऱ्या दिवशी टेबलाचे कोपरे किती गोल आहेत ते सांगायला. चौथ्या दिवशी तेच कोपरे पुन्हा सांगायला.

"काल सांगितलंत," ती प्लायवूडवर वाकून म्हणाली.

"काल घाईत सांगितलं."

"आज घाई नाही?"

"दुकान बंद करून आलोय."

मोठे मिस्त्री कोपऱ्यात पटाशीला धार लावत होते. ते खोकले. त्यांना खोकला नव्हता.

झाकण दोन अर्ध्या भागांचं होतं, म्हणजे कपाटामागे उभं ठेवता येईल. मधे लाकडी खुंट्या, एका भागातून निघून दुसऱ्यात बसणाऱ्या. खाली रबराचा पातळ थर आणि कडेने उतरती पट्टी, जी टेबलाला चारही बाजूंनी मिठी मारून धरेल. वर स्पंज, स्पंजवर बनात. कडेला कोपर टेकायला रेग्झीनची गुबगुबीत गादी.

बनात ताणायला दोन माणसं लागतात. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती.

"अजून ओढा... अजून... इतकं नाही!"

"तुम्ही डोळे बारीक करून बघता. नंबर असणार."

"मी गिऱ्हाइकांकडे अशीच बघते."

"सगळ्यांकडे?"

तिने स्टेपलर खटखट मारला. पिना जरा वाकड्याच लागल्या.

शनिवारी दोघं झाकण घेऊन त्याच्या घरी गेली. त्याची आई कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. बाबा खोलीतून बाहेर येऊन भिंतीला टेकले होते, उत्सुकता नसल्यासारखं तोंड करून. दोन्ही भाग टेबलावर बसवले. खुंट्या बसल्या. हिरव्या झाकणाने खोली उजळली.

बाबांनी हळूच कोपर टेकलं... आणि झाकण सर्रकन सरकलं. इकडे रेटलं की तिकडे, तिकडे रेटलं की इकडे. पट्टी आणि टेबल यांच्यात इंचभर फट.

तिने फटीत बोट घालून पाहिलं. "तुम्ही माप कशाने घेतलंत?"

"आईच्या शिवणाच्या टेपने."

"तो?" आई म्हणाली. "अरे, त्याचा पहिला इंच कधीच फाटून गेलाय. एकपासून सुरू होतो तो! मी तुला मंगळवारीच म्हटलं ना?"

धाकटी मिस्त्री त्याच्याकडे वळली.

"मंगळवारी," ती सावकाश म्हणाली. "बनात आपण गुरुवारी ताणली."

"लाकूड कापून झालं होतं..." तो अडखळला. "सांगायला आलो होतो. तुम्ही कोपरे घासत होतात. मला वाटलं, चुकलं तर पुन्हा करावं लागेल, आणि मग अजून आठवडाभर... मला यायला मिळेल."

"डोळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजता तुम्ही. आणि माझे चार दिवस तुम्हाला मोजता आले नाहीत?"

तिने दोन्ही भाग एकटीने उचलले. तो पुढे झाला, तर तिच्या नजरेने तिथेच थांबला.

कारखान्यात मोठ्या मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याचं चुकलंच. पण टेबल स्वतः न मोजता लाकूड कापायला मी तुला शिकवलं नव्हतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. लक्ष कुठे होतं, बाळा?"

तिने झाकणाचे भाग भिंतीला टेकवले. अर्धा राग त्याच्यावर होता, उरलेला स्वतःवर... आणि त्या उरलेल्याचंच जास्त ओझं वाटत होतं.

सोमवारी सकाळी तो दारात उभा. चष्म्याच्या दुकानाला कुलूप.

"मी चुकलो," तो म्हणाला. सबब नाही, विनोद नाही. "तुमच्या कामाची मी चेष्टा केली. ते दुरुस्त करायला जे हलकं काम असेल ते द्या. बोलणार नाही."

तिने पक्कड पुढे केली. "पिना काढा. सगळ्या. बनातीला भोक पडता कामा नये."

दोनशे सत्तावीस पिना होत्या. बारीक कामाची सवय असलेली त्याची बोटं एकेक पीन अलगद सोडवत गेली. खरंच बोलला नाही. दुपारपर्यंत. बोटाला पीन टोचली तेव्हा फक्त "स्स्" केलं.

जखमेवर बांधायची पट्टी शोधायला ती उठली. त्याचं बोट हातात धरून तिने ती बांधली, आणि बांधून झाल्यावरही हात लगेच सोडला नाही.

"बोला आता," ती म्हणाली. "गप्प बसलात की भलतेच वयस्कर दिसता."

त्याच संध्याकाळी ती स्वतःचा पोलादी टेप घेऊन त्याच्या घरी गेली. टेबल तीनदा मोजलं. त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, न विचारता चहा दिला, आणि गिऱ्हाइकाच्या घरी काही न घेणाऱ्या तिने तो घेतलाही. काकूंनी टेबलाखालचं एक जुनं ढिलं झालेलं सांध्याचं टोक दाखवलं. ते तिने तिथेच घट्ट करून दिलं. काकूंचे हात कमरेवरून खाली आले ते तेव्हा.

रविवारी दुपारी, बाबांच्या तिन्ही मित्रांसमोर, झाकण बसलं. कोपर टेकून पाहिलं, मग दोन कोपरं, मग एका जाडजूड काकांनी अख्खा भार टाकून पाहिलं. हललं नाही. चौघंही निवृत्त माणसं, पण आवाज असा की शेजाऱ्यांना वाटावं कुठेतरी आग लागलीय. बाबांनी पत्ते पिसून वाटले. ते बनातीवरून अलगद घसरत जागच्या जागी जाऊन थांबले, आणि बाबांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की काकू स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या.

"हा काय खेळ असतो ते तरी बघू," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

ती दोघं जिन्यात आली. बाहेर भुरभुर पाऊस होता, जिन्याच्या खिडकीतून थंड हवा येत होती.

"झाकण झालं," तो म्हणाला. "आता तुमच्याकडे यायला माझ्याकडे कारण नाही."

"शोधलं नाहीत?"

"आठवडाभर शोधतोय. चपलांचा स्टँड, खिडकीची फळी... सगळी खोटी वाटतात. आणि तुमच्याशी खोटं आता नाही. मग खरं एकच उरतं." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला तुम्ही आवडता. भुशासकट."

तिने हात पाठीमागे नेले. मग, का कोण जाणे, पुन्हा पुढे आणले. नखात सरस, तळव्यावर घट्टे. "हे हात असेच राहणार."

"बघितलेत मी. आठवडाभर दुसरं काय बघत होतो?"

आतून एकदम गलका झाला. काकूंनी पहिल्याच डावात सगळ्यांची बटणं जिंकली होती, आणि चार निवृत्त वीर तक्रार करत होते.

ती हसायला लागली. हसता हसता जिन्याच्या कठड्याला टेकली. "उद्या दुकान किती वाजता उघडता?"

"दहाला."

"मग नऊला ये. काम काढून नको... नुसता ये."

त्याला कळायला क्षणभर लागला. "काय म्हणालीस?"

"ये," ती म्हणाली.