गाडी जरा पुढे घ्या ना

टक टक टक!

"मॅडम! ओ मॅडम! गाडी जरा पुढे घ्या ना. तीन नंबरचं दार अडलंय."

पॉपकॉर्नच्या कारखान्याच्या आवारात, माल भरायच्या दारांपाशी माझा ट्रक उभा होता. मी ट्रकमधल्या बिछान्यातून डोकं बाहेर काढलं. सकाळचे सात वाजायचे होते. खाली नारिंगी जाकीट घातलेला एक उंच माणूस उभा होता. हातात कॉफीचा कप, केसांवर भुरभुर पाऊस, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते. मी झोपेतच स्टार्टर मारला, गाडी वीस फूट पुढे घेतली, ब्रेक लावला आणि मग माझी नजर समोरच्या पडद्यावर गेली.

अगं बाई!

माझ्या विश्रांतीला नऊ तास एकेचाळीस मिनिटं झाली होती. आमच्या धंद्यात दिवसाचे गाडी चालवायचे तास संपले की सलग दहा तास आराम करायचा, असा कायदाच आहे. सलग म्हणजे सलग. मध्ये गाडी वीस फूट जरी हलली तरी मोजणी पहिल्यापासून. आणि ट्रकमधलं ते चोंबडं यंत्र सगळं लिहून ठेवतं. फक्त एकोणीस मिनिटं थांबले असते तर...

मी खाली उडीच मारली.

"काय केलंत हे? हलवायच्या आधी विचारायचं तरी!"

"विचारलं की! 'घ्या ना' म्हटलं मी."

"तीन आठवड्यांनी घरी चालले होते! आज बाबांचा साठावा वाढदिवस आहे, दुपारी बदक करणार आहेत ते. आणि मी आता दहा तास इथे बसून तुमच्या पॉपकॉर्नचा वास घेऊ?"

त्याचा चेहरा एवढासा झाला. "पण... बाकीचे ड्रायव्हर तर सरळ सांगतात, माझे आरामाचे तास चालू आहेत, चालता हो!"

नवखी होते ना मी! लायसन्स मिळून जेमतेम सहा महिने झाले होते. कुणी काही सांगितलं की मी आपली मान डोलवायची. चूक माझीच होती, पण ती त्याच्यासमोर कबूल करायला मी काय वेडी होते?

त्याचं नाव वेंडेल. आयोवातल्या त्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. अर्ध्या तासात तो अंडी, टोस्ट आणि एक कोरडा टॉवेल घेऊन परत आला.

"बाबांना फोन लावा," म्हणाला.

"कशाला?"

"माफी मागतो."

आणि खरंच मागितली हो! "साहेब, चूक माझी आहे. बदक उद्यापर्यंत टिकेल का?" पलीकडून बाबांचं गडगडाटी हसणं मलाही ऐकू आलं. "बदक टिकेल रे. पोरीला उपाशी ठेवू नकोस म्हणजे झालं!"

ते दहा तास कसे गेले, कळलंच नाही. प्रत्येक सुट्टीत तो माझ्या ट्रकपाशी येऊन उभा राहायचा. आणि हो, डोळे. राखाडी, आणि हसायच्या आधी जरा बारीक होणारे. झालं समाधान?

मग मीच आमच्या डिस्पॅचरबाईंना, म्हणजे खेपा वाटून देणाऱ्या ग्लेंडाला, गळ घातली. त्या कारखान्याचा माल मलाच देत जा म्हटलं.

"काय गं ट्रूडी, तिथे भरायला चार-चार तास लावतात. उभ्या गाडीचे पैसे मिळत नाहीत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"हं... नाव काय त्याचं?"

ग्लेंडाला फसवणं सोपं नाही.

उभ्या गाडीचे पैसे नाहीत, हेच तर माझं दुखणं होतं. मैलामागे अठ्ठेचाळीस सेंट मिळायचे. चाक फिरलं तर पैसा, आणि घर तीन आठवड्यांतून दोन दिवस. पण हे एकच वर्ष काढायचं होतं. आमच्या गावातल्या, नेब्रास्कातल्या, पशुखाद्याच्या गिरणीने शब्द दिला होता की वर्षभर एकही अपघात न करता गाडी चालव, ड्रायव्हरची जागा तुझी. आठवड्याला बाराशे डॉलर ठरलेले, गाडी उभी राहिली तरी. आणि रोज संध्याकाळी सहाला घरी, बाबांसोबत जेवायला. ट्रकमध्ये मी एक कॅलेंडर लावलं होतं आणि रोज एक दिवस खोडायचे.

ऑगस्टपर्यंत अगदी आनंदाने खोडले. सप्टेंबरात हात अडखळायला लागला. गिरणीचा ट्रक नेब्रास्का राज्याबाहेर जात नाही. मग आयोवातलं तीन नंबरचं दार मला पुन्हा कधी दिसणार?

वेंडेलला हे कळत होतं. तो मात्र एका शब्दाने काही बोलेना. ऑक्टोबर आला. मक्याची शेतं कापून झाली. माझी शेवटची खेप भरून झाली, आणि मी तिथेच आवारात दहा तास झोप काढली. झोप कसली... नुसती कूस बदलत होते. सकाळी तो आला, हातात पॉपकॉर्नची भलीमोठी पिशवी घेऊन.

"बाबांना दे. आणि... अभिनंदन."

"एवढंच?"

"अजून काय?" तो बुटांकडे बघत म्हणाला.

"वेंडेल, मी आज गेले की परत येणार नाही. काहीच म्हणायचं नाही तुला?"

"ट्रूडी, वर्षभर ज्याची वाट बघितलीस, त्याच्या आड मी यायचं? एकदा तुला घरी जाताना अडवलं होतं, तेवढं पुरे झालं."

मला त्याचा अस्सा राग आला! मी पायरी चढून आत बसले. पडद्यावर नऊ तास सेहेचाळीस मिनिटं. अजून चौदा मिनिटं, की मी मोकळी. मी काच खाली केली.

"मग पुन्हा अडव ना!"

"काय?"

"सांग, गाडी पुढे घ्यायला सांग."

"पण... तीन नंबर तर रिकामंच आहे."

"असू दे रिकामं! सांगतोस की नाही?"

मग त्याचे डोळे बारीक झाले, आणि त्याने अगदी अदबीने टोपी काढली.

"मॅडम... गाडी जरा पुढे घ्या ना."

घेतली. वीस फूट. नऊ तास सेहेचाळीस मिनिटांवर पाणी!

मी खाली उतरले. त्याने हात धरला, आणि धरलेला सोडला नाही.

"वेडी आहेस तू," तो हळूच म्हणाला. "अगं, फोर्कलिफ्ट काय, कुठल्याही गावात चालते. फक्त कुणीतरी 'ये' म्हणायला हवं होतं."

"सहा महिने याची वाट बघत होतास?"

"हो."

"मठ्ठ आहेस! ये. आजच ये, माझ्या मागून तुझी गाडी घेऊन ये. येशील?"

"येईन."

मग मी बाबांना फोन लावला. आज पुन्हा उशीर होणार म्हटलं.

"पुन्हा कुणी गाडी पुढे घ्यायला लावली की काय?"

"हो बाबा. आणि उद्या दोन बदकं करा. तो पण येतोय जेवायला."

बाबा म्हणाले, "बरं झालं. गिरणीचा फोर्कलिफ्टवाला महिना झाला सोडून गेलाय, मी म्हटलं तू वेंडेलला 'ये' म्हणशील तरी कधी!"